तांब्यावर उतरलेलं वेरूळ

१८०३ सालच्या जून महिन्यात लंडनमध्ये चोवीस चित्रांचा एक मोठ्या आकाराचा संच प्रसिद्ध झाला. त्याचं लांबलचक इंग्रजी नाव मराठीत सांगायचं तर ‘दख्खनमध्ये औरंगाबादजवळ असलेल्या वेरूळच्या डोंगरातली हिंदू लेणी’. चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली होती. मुखपृष्ठावर दोन नावं होती. ज्याच्या रेखाटनांवरून चित्रं केली तो जेम्स वेल्स, आणि ज्याने ती तांब्यावर उतरवली, काही स्वतःच्या हाताने आणि काही आपल्या देखरेखीखाली, तो थॉमस डॅनियल. तोवर वेरूळविषयी प्रवाशांची वर्णनं युरोपात पोचली होती. पण कैलासाचं प्रांगण, इंद्रसभा, तीन ताल, धुमार लेणं इतक्या तपशिलाने आणि इतक्या देखणेपणाने पुढ्यात आलं ते या संचामुळे.

त्याच वर्षी २३ सप्टेंबरला आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई झाली. पुढे त्या लढाईचीही छापचित्रं निघाली. मराठवाड्याची भूमी एकाच वर्षात कागदावरही आली आणि तोफांच्या माऱ्याखालीही आली.

परतूर तालुक्यातलं वाटूर हे माझं गाव. फाट्यावरून जालन्याची एसटी, पुढे छत्रपती संभाजीनगर, तिथून वेरूळ, हा इथल्या शाळांच्या सहलीचा ठरलेला रस्ता. आमच्या भागात कैलास लेणं न पाहिलेला माणूस शोधावा लागेल. पण वेरूळची दोनशे वर्षांपूर्वीची छापचित्रं पाहिलेला माणूसही शोधावाच लागेल. ती लंडनमध्ये आहेत, अमेरिकेत आहेत, कोलकात्यात आणि मुंबईत आहेत, हौशी संग्राहकांच्या भिंतींवर आहेत. ज्या मातीतली ती आहेत तिथे मात्र त्यांची ओळख नाही. या चित्रांमागे एका मराठी माणसाचा हात होता, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव नव्हतं. जुन्या छापचित्रांचा छंद मला लागला तो त्या नावामुळे. हा लेखही त्याच्यासाठीच आहे.

रेखाटणारा एक, कोरणारा दुसरा

एकाने काढलेलं रेखाचित्र दुसऱ्याने धातूच्या पत्र्यावर उतरवायचं आणि त्याच्या प्रती छापायच्या, ही प्रथा युरोपात प्रबोधनकाळात रुजली. मार्कान्तोनिओ रायमोन्दी हा तिचा मोठा मानकरी. रोममध्ये त्याने चित्रकार रॅफेलबरोबर काम केलं. रॅफेलने काही रेखाटनं खास छापचित्रांसाठी केली. ‘निष्पाप बालकांची कत्तल’ हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. रॅफेल रेषा आखायचा, मार्कान्तोनिओ ती तांब्यावर कोरायचा, आणि छपाईचा व्यवहार बाविएरा नावाचा सहकारी पाहायचा. तीन माणसांच्या मेहनतीतून एक चित्र गावोगाव पोचायचं.

या धंद्यात नावाचा तंटा पहिल्यापासून आहे. इटलीच्या कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वसारीने मार्कान्तोनिओ आणि जर्मनीचा ड्यूरर यांची हकीकत दिली आहे. ड्यूररची चित्रं मार्कान्तोनिओने त्याच्या सहीच्या खुणेसकट उतरवली. ड्यूररने व्हेनिसमध्ये दाद मागितली. निकाल असा झाला, की चित्राची नक्कल करायला हरकत नाही, पण ड्यूररची खूण वापरता येणार नाही. हकीकतीचे बारकावे बाजूला ठेवले तरी प्रश्न खरा आहे. पत्र्यावर नाव कोणाचं घालायचं?

हळूहळू एक शिस्त ठरली. चित्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात मूळ चित्र काढणाऱ्याचं नाव, उजव्या कोपऱ्यात ते कोरणाऱ्याचं, आणि मधोमध किंवा तळाशी प्रकाशकाचं नाव, पत्ता, तारीख. नावांपुढे लॅटिनमधली संक्षिप्त अक्षरं असतात. ‘डेल’ किंवा ‘डेलिन’ म्हणजे रेखाटलं, ‘पिंक्स’ म्हणजे रंगवलं, ‘स्कल्प’ म्हणजे कोरलं, ‘एक्सक’ म्हणजे प्रकाशित केलं. छापचित्रांचा संग्राहक चित्राआधी या ओळी वाचायला शिकतो, कारण चित्राची सगळी वंशावळ त्यांत असते.

सतराव्या-अठराव्या शतकात थोर चित्रकारांची कच्ची रेखाटनं जपण्याचा शौक युरोपातल्या धनिकांना लागला. रेखाटनं तर एकेकच असतात. मग ती तांब्यावर उतरवून त्यांचे संच काढायची चाल पडली. प्रागमध्ये जन्मलेला व्हेन्झेल होलर हा इंग्लंडच्या अर्ल ऑफ अरुंडेलच्या पदरी होता. अरुंडेलच्या संग्रहातली लिओनार्दोची विचित्र चेहऱ्यांची रेखाटनं त्याने एचिंगमध्ये, म्हणजे तेजाबाने खाऊ दिलेल्या रेघांत, आणली. पॅरिसमध्ये क्रोझा या संग्राहकाच्या संग्रहावरून १७२९ पासून मोठे ग्रंथ निघाले. लंडनमध्ये चार्ल्स रॉजर्सने १७७८ मध्ये असाच संच काढला. १७९२ पासून बार्तोलोझ्झीने इंग्लंडच्या राजसंग्रहातल्या होल्बाइनच्या रेखाटनांची छापचित्रं केली.

या मंडळींपुढे अडचण होती ती शाईच्या पातळ हातांची. कुंचल्याने पसरलेला राखाडी किंवा तपकिरी थर नुसत्या रेषेने दाखवता येत नाही. त्यावर उपाय निघाला तो ॲक्वाटिंट. फ्रान्समध्ये ल प्रिन्सने १७६० च्या दशकाच्या अखेरीस ती रीत हाती आणली. इंग्लंडमध्ये पॉल सँडबीने १७७५ मध्ये तिच्यात आपल्या निसर्गदृश्यांचा संच छापला. जुन्या उस्तादांच्या रेखाटनांची हुबेहूब प्रत काढण्याच्या ध्यासातून छपाईची कला अशी वाढत गेली, आणि त्याच कलेने पुढे वेरूळ लंडनला नेलं. म्हणून युरोपातल्या जुन्या रेखाटनांची एचिंग्ज गोळा करणारा माणूस आणि वेरूळची छापचित्रं शोधणारा माणूस यांचं दैवत एकच आहे.

पुण्याचा गंगाराम

आता पुण्याकडे येऊ. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून चार्ल्स वेअर मॅलेट १७८० च्या दशकाच्या मध्यापासून १७९७ पर्यंत होता. राजकारण हे त्याचं मुख्य काम. त्याला चित्रांचा, प्राण्यांचा आणि जुन्या वास्तूंचाही नाद होता. त्याच्या पदरी एक चित्रकार होता, गंगाराम चिंतामण तांबट. पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आजही ठोक्यांच्या आवाजावरून ओळखू येते. गंगाराम त्या कारागीर समाजातला. देवांच्या मूर्ती, वास्तू, माणसं, जनावरं, सगळ्यांवर त्याचा हात चालायचा. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याने नोव्हेंबर १७९० मध्ये केलेलं चित्र आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. गेंड्याच्या कातडीची वळी, तिच्यावरचे खवल्यासारखे उंचवटे आणि पायांतला बोजडपणा त्याने इतक्या नेमकेपणाने टिपला आहे, की नुसत्या ऐकीव माहितीवर असं चित्र होत नाही हे पाहताक्षणी पटतं.

१७९१ मध्ये जेम्स वेल्स मुंबईला आला. तो स्कॉटलंडचा. मॅलेटच्या ओळखीने पुण्याला आल्यावर त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं मोठं तैलचित्र १७९२ मध्ये केलं. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पुण्यात, शनिवारवाड्याच्या आश्रयाने, इथल्या मुलांना पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकवण्याची एक छोटी शाळाही निघाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या साठ-सत्तर वर्षं आधीची ही गोष्ट. वेल्सच्या सहवासात गंगारामने छायाप्रकाश आणि यथादर्शन आत्मसात केलं. वेल्सला लेण्यांची गोडी लागली तीही याच मंडळींच्या सोबतीत. १७९३ मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम मुंबईला आले, तेव्हा वेल्सने त्यांना घारापुरी, कान्हेरी आणि कार्ल्याची लेणी दाखवली.

मॅलेटने वेरूळचं सविस्तर वर्णन लिहून डिसेंबर १७९४ मध्ये गव्हर्नर जनरल जॉन शोअरला धाडलं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात, १७९९ मध्ये, ते छापून आलं. त्यासोबतची चित्रं गंगारामच्या रेखाटनांवर आधारलेली होती. लेण्यांचे तळनकाशे, खांबांच्या ओळी, भिंतींवरची शिल्पं त्याने जागेवर बसून उतरवली होती. तळनकाशासाठी नुसता सुंदर हात पुरत नाही, मोजमाप घ्यावं लागतं. गंगारामने दोन्ही कामं केली.

१७९५ हे साल या सगळ्यांना कठीण गेलं. मार्चमध्ये खर्ड्याची लढाई झाली. ऑगस्टमध्ये अहिल्याबाई होळकर गेल्या. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार त्यांचाच. ऑक्टोबरच्या अखेरीस सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत झाला. पुढच्या महिन्यात साष्टीतली लेणी रेखाटताना तापाने पछाडलेला वेल्स ठाण्यात वारला. त्याच्या कुटुंबाची जबाबदारी मॅलेटने घेतली. इंग्लंडला परतल्यावर १७९९ मध्ये त्याने वेल्सची मुलगी सुझॅना हिच्याशी लग्न केलं. वेल्सची रेखाटनं त्याने थॉमस डॅनियलच्या हाती सोपवली. स्वतः डॅनियलने वेरूळ पाहिलेलं नव्हतं. ज्या डोंगराकडे त्याचे पाय कधी वळले नाहीत, तो डोंगर त्याने दुसऱ्यांच्या डोळ्यांनी पाहून तांब्यावर उतरवला.

ही साखळी नीट पाहावी. वेरूळ घडवलं राष्ट्रकूटांच्या काळातल्या आणि त्याआधीच्या पाथरवटांनी. ते कागदावर आणलं गंगारामने आणि वेल्सने. तांब्यावर आणलं डॅनियलने. पहिल्या दुव्यातल्या हजारो हातांची नावं काळाने पुसली, त्याला कोणाचा इलाज नव्हता. गंगारामचं नाव मात्र कागदोपत्री होतं आणि आहे. मॅलेटला ते ठाऊक होतं, वेल्सला ठाऊक होतं. लंडनच्या गिऱ्हाइकाला मात्र ते कळायची सोय नव्हती. वेल्सच्या आणि डॅनियलच्या कामाची थोरवी मी मनापासून मानतो. त्या थोरवीत गंगारामचाही वाटा होता, एवढंच माझं म्हणणं आहे.

कलेतिहासाच्या अभ्यासक मिल्ड्रेड आर्चर यांनी कंपनीकाळातल्या चित्रकारांवर आयुष्यभर काम केलं. अलीकडे हॉली शॅफर यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात पुणे दरबाराच्या या चित्रव्यवहाराचा कसून अभ्यास केला. त्यांच्यासारख्यांच्या कामामुळे गंगाराम पुन्हा प्रकाशात आला. मराठीत त्याच्यावर एक भरघोस, सचित्र पुस्तक व्हायला हवं.

तांबं, राळ आणि तेजाब

ॲक्वाटिंट कसं होतं हे समजल्याशिवाय या चित्रांची खरी किंमत कळत नाही. आधी तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करतात. त्यावर मेण आणि राळ यांचं पातळ अस्तर देऊन ते मेणबत्तीच्या धुराने काळं करतात. मग सुईने रेघा ओढायच्या. जिथे सुई जाते तिथे अस्तर निघून तांबं उघडं पडतं. पत्रा तेजाबात बुडवला की तेवढ्याच जागी धातू खाल्ला जातो. ही झाली एचिंगची रेघ.

पुढे छायेचं काम. पत्रा स्वच्छ करून त्यावर राळेची बारीक पूड बसू देतात आणि खालून शेक देतात. पूड वितळून दाणे दाणे पत्र्याला चिकटतात. पुन्हा तेजाब. आता ते दाण्यांच्या मधल्या फटींत शिरतं आणि तिथे खरखरीत जाळी तयार होते. आकाशाचा उजेड तसाच पांढरा राहावा म्हणून ती जागा आधीच रोगणाने बंद करायची. थोडा वेळ खाऊ दिलं की फिकट छटा. ती बंद करून पुन्हा तेजाब, म्हणजे त्याहून गडद. कैलासाच्या सावलीतल्या भिंती, धुमार लेण्याच्या आतला अंधार, खांबावर तिरका पडलेला उजेड, हे सगळं असं पायरीपायरीने खाऊ देऊन मिळवलेलं आहे. एका पायरीला क्षणभर जास्त झालं तरी पत्रा बिघडतो.

शेवटी पत्र्यावर शाई चोळून वरची पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळांच्या यंत्रातून काढायचा. कागद खोबणीत दाबला जाऊन शाई उचलतो. छाप उलटा येतो, म्हणून कोरणाऱ्याला सगळं चित्र डावं-उजवं फिरवून काढावं लागतं. ॲक्वाटिंटची जाळी नाजूक असते. काहीशे छाप झाले की ती झिजते आणि छटा मवाळ होतात. आधी निघालेला छाप आणि उशिराचा छाप यांत म्हणूनच मोठा फरक असतो, आणि जाणकार नेहमी आधीच्या छापाच्या शोधात असतो.

डॅनियल काका-पुतण्यांनी १७९५ ते १८०८ या काळात भारताच्या दृश्यांचे सहा भाग काढले. वेरूळचा संच त्यांतलाच. एकूण १४४ चित्रं. संपूर्ण संचाची किंमत २१० पौंड होती. ती देऊ शकणारे थोडेच होते. मग नकलांची रांग लागली. पॅरिसमध्ये लांग्लेसने १८२१ मध्ये पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथात डॅनियलची वेरूळची चित्रं लहान आकारात पुन्हा कोरून घेतली. १८२६ ते १८३० मध्ये ग्रिंडले या लष्करी अधिकाऱ्याने पश्चिम भारताच्या दृश्यांची रंगीत ॲक्वाटिंट काढली. त्यांत वेरूळ आहे, दौलताबाद आहे. १८३० नंतर आरमारी अधिकारी रॉबर्ट एलियटच्या रेखाटनांवरून पोलादी पत्र्यावर कोरलेली छोटी चित्रं पुस्तकातून घरोघर गेली. पोलाद कठीण असल्यामुळे हजारो छाप निघत. आज बेताच्या खिशाला परवडणारं वेरूळचं जुनं चित्र बहुधा एलियटच्या पुस्तकातलंच असतं.

डॅनियलच्या संचात आणखी एक मोल आहे. चित्रांना नावं दिली आहेत ती तिथल्या लोकांच्या तोंडची. तीन ताल, दोन ताल, इंद्रसभा, जगन्नाथसभा, परशुरामसभा, जनवासा, रावण की खाई. लेण्यांना आकडे पडण्याआधीची ही नावं वेरूळच्या माणसांनी या चित्रकारांना सांगितली. तीन कागदांवर मिळून पसरलेलं डोंगराचं लांबलचक दृश्यही त्यात आहे. आज पक्का रस्ता, वाहनतळ आणि कुंपण यांच्यामुळे जो डोंगर आपल्याला एका नजरेत दिसत नाही, तो त्या तीन कागदांत सलग दिसतो.

मूळ जळतं, छाप उरतो

छापचित्राला मूळ चित्राची नक्कल म्हणून दुय्यम मानणाऱ्यांनी अजिंठ्याची हकीकत आठवावी. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठ्या तैलप्रती केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि बहुतेक प्रती जळाल्या. त्याआधी, १८५६ मध्ये, श्रीमती स्पियर यांच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकात गिलच्या प्रतींवरून जॉर्ज शार्फने केलेली लहान छापचित्रं आली होती. मोठी चित्रं गेली, बोटभर छाप उरले.

मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी पुन्हा अजिंठ्याला गेले. त्यांच्या प्रती लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही कितीतरी जळाल्या. १८९६-९७ मध्ये निघालेल्या ग्रिफिथ्सच्या दोन खंडांनी त्या कामाचा मोठा भाग छापाने वाचवला. मधल्या काळात लेण्यांतल्या रंगांचेही पोपडे निघाले. आज अजिंठ्याच्या काही भागांसाठी अभ्यासकाला जुन्या प्रती आणि छापील पानंच उघडावी लागतात.

युरोपातही असंच घडलं. मायकेलअँजेलोचं कॅशिनाच्या लढाईचं भव्य रेखाटन लोकांनी तुकडे तुकडे करून नेलं. त्यातल्या काही आकृती मार्कान्तोनिओच्या १५१० च्या छापचित्रात राहिल्या. रॅफेलच्या ‘पॅरिसचा निवाडा’ या रचनेचं पूर्ण मूळ आज नाही, मार्कान्तोनिओचं छापचित्र आहे. त्यातल्या कोपऱ्यातल्या तीन आकृतींवरून माने या फ्रेंच चित्रकाराने १८६३ मध्ये आपलं गाजलेलं चित्र बेतलं. घरात वाडवडिलांचा फोटो सांभाळावा तसा छाप सांभाळायचा असतो. माणूस गेल्यावर चेहरा सांगायला तोच उरतो.

संग्रह करायचा तर

या छंदाला गर्भश्रीमंती लागत नाही, पण डोळा लागतो. सुरुवात भिंगापासून करावी. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग चित्रावर धरलं आणि रंगांचे गोल ठिपके ओळीने दिसले, तर ते अलीकडचं यंत्रावरचं छापकाम आहे, जुनं नाही. ॲक्वाटिंटमध्ये दाण्यांची वेडीवाकडी जाळी दिसते. एचिंगची रेघ सुरुवातीला आणि शेवटी सारखीच बोथट असते. हाताने कोरलेली रेघ टोकाला निमुळती होत जाते. कडेला पत्र्याच्या दाबाची खोलगट चौकट बोटाला लागते. ती छाटलेली असेल तर किंमत उतरते, आणि खालची नावांची ओळ छाटलेली असेल तर चित्र मुकं होतं.

कागद उजेडासमोर धरून पाहावा. त्या काळच्या चांगल्या इंग्रजी कागदात व्हॉटमन या कागद बनवणाऱ्याचं नाव आणि साल पाणखुणेत दिसतं. चित्राखाली १८०३ आणि पाणखुणेत त्याच्या बरंच पुढचं साल असेल, तर तो छाप उशिराचा आहे हे उघड होतं. रंगही तपासावेत. जुने रंग हाताने भरलेले, पाण्यासारखे पारदर्शक असतात. विक्री वाढावी म्हणून नंतर भरलेले रंग भडक असतात आणि रेषेबाहेर सांडतात.

जपणुकीत आपल्याकडचं हवामान फार त्रास देतं. मराठवाड्याचा उन्हाळा कागद कडक करतो, पावसाळ्यात तपकिरी डाग उठतात, कसर आणि वाळवी बारमाही असतात. चित्र बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, थेट ऊन पडेल अशा जागी तर मुळीच नको. पुठ्ठा आम्लविरहित घ्यावा. स्वस्त पुठ्ठ्याने काही वर्षांत कडेला पिवळी-तपकिरी पट्टी उमटते, ती जात नाही. काच कागदाला टेकता कामा नये. चिकटपट्टी कधीच लावू नये. फाटलेलं जोडायचंच असेल तर गव्हाच्या पिठाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरतात, आणि तेही जाणत्याच्या हातून.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट पुस्तकांची. बाजारात सुट्या मिळणाऱ्या चित्रांपैकी बहुतेक कधी ना कधी पुस्तकातून फाडलेली असतात. पूर्वी फाटलेली सुटी पानं घ्यायला हरकत नाही. पण शाबूत ग्रंथ फोडून पान पान विकणाऱ्याकडून खरेदी करणं म्हणजे त्या नाशाला पैसे पुरवणं. ताजी कापलेली कड दिसली तर घेऊ नये. आणि कायद्याची माहिती ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकृती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. पावती घ्यावी, आणि चित्र कुठून आलं ते लिहून ठेवावं.

विकत घेणं शक्य नसलं तरी पाहणं आता शक्य आहे. डॅनियलांच्या चित्रांचा मोठा साठा कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे. येलच्या संग्रहातली गंगारामची रेखाटनं इंटरनेटवर मोठ्या आकारात खुली आहेत. वाटूरसारख्या गावात बसून, मोबाइलवर, गेंड्याच्या कातडीची एकेक घडी बोटांनी मोठी करून पाहता येते. मुंबईच्या फिरोझा गोदरेज आणि पॉलिन रोहतगी यांनी भारताच्या छापचित्रांवर १९८९ मध्ये केलेलं काम हे या वाटेवरचं पहिलं वाचन ठरावं.

मराठवाड्याने काय करावं

वेरूळला दरवर्षी लाखो लोक येतात. त्यांना दगड दिसतो. हा दगड कागदावर कसा आला, जगाला कसा कळला, ही गोष्ट कुठेच सांगितली जात नाही. ती सांगायला मोठा खर्च नाही. मूळ छापचित्रं कुलूपबंदच असावीत. त्यांच्या उत्तम प्रतींचं एक दालन वेरूळच्या पायथ्याशी, नाहीतर छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या संग्रहालयात करता येईल. एका बाजूला गंगारामचं रेखाटन, शेजारी डॅनियलचं ॲक्वाटिंट, त्याशेजारी एलियटचं पोलादी छापचित्र, आणि शेवटी त्याच जागेचं आजचं छायाचित्र. शाळेचं मूल अर्ध्या तासात दोनशे वर्षं पाहील, आणि कोणतं शिल्प तेव्हा शाबूत होतं, कोणतं आज झिजलं, हे त्याचं त्यालाच दिसेल.

जालना-परभणीपासून लातूर-नांदेडपर्यंतच्या महाविद्यालयांच्या आणि तालुक्याच्या ग्रंथालयांनी आपली जुनी कपाटं एकदा तपासावीत. निजामाच्या काळातले ग्रंथ आणि जुन्या वकिली घरांतून आलेली पुस्तकं अनेक ठिकाणी पडून आहेत. त्यांत असं एखादं छापचित्र निघालं तर ते फाडू नये, चौकटीत बसवण्यासाठी छाटू नये, रद्दीत घालू नये. राज्याच्या पुराभिलेख विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला कळवावं.

ज्यांच्या घरी वेरूळचं जुनं छापचित्र आहे त्यांना एकच विनंती. त्याच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने रेखाटणारा, कोरणारा, छापणारा आणि वर्ष एवढं लिहून ठेवा. आणि पुढच्या पिढीला ते दाखवताना वेल्स आणि डॅनियल यांच्याआधी गंगाराम चिंतामण तांबट यांचं नाव घ्या. वेरूळ पहिल्यांदा नीट मोजून कागदावर आणणाऱ्यांत हा पुण्याचा माणूस होता, आणि तो मान त्याला आपणच द्यायचा आहे.